पाटल्यांचं वय

त्या दिवशी सराफाच्या दुकानात आम्ही तिघी गेलो होतो. मोठी जाऊ, वन्सं आणि मी. मला दोन मुलगेच, तेव्हा त्या पाटल्यांत माझा वाटा नव्हता. मी आपली सोबतीला.

सासूबाईंच्या दोन पाटल्या. माहेरहून आलेल्या, चार तोळ्यांच्या. त्यांना नातीही दोनच, एक जावेची आणि एक वन्संची. जावेच्या मुलीचं लग्न ठरलं आणि सोन्याचा भाव तर आपल्यासारख्यांच्या आटोक्याबाहेर गेलेला. तेव्हा एकेक पाटली एकेकीला द्यावी, त्यांनी आपल्या आवडीचं काही घडवून घ्यावं, असं सगळ्यांच्या मते ठरलं. सासूबाई तेवढ्या म्हणत होत्या, "राहू द्या गं, मी गेल्यावर काय ते करा." आम्ही हसण्यावारी नेलं. माहेरच्या वस्तूवर कुणाचा जीव नसतो?

सराफांनी पाटली हातात घेऊन आतून-बाहेरून पाहिली, कसोटीच्या काळ्या दगडावर घासली. पिवळी रेघ उमटली. तिच्यावर त्यांनी ॲसिडचा थेंब सोडला आणि आमच्या डोळ्यांदेखत रेघ फेसाळून नाहीशी झाली. मग आतल्या बाजूला कानशीने जरासं खरवडून पुन्हा घासली. पुन्हा तेच. दुसऱ्या पाटलीचंही तेच. ते जावेला म्हणाले, "वहिनी, हे पितळ आहे. वरती सोन्याचा मुलामा दिलाय." आणि सवयीने पाटल्या पुन्हा गुलाबी कागदात नीट गुंडाळून त्यांनी आमच्यापुढे सरकवल्या.

रिक्षात कुणी बोललं नाही. घरी आल्यावर वन्सं पदराने वारा घेत म्हणाल्या, "कपाटाच्या किल्ल्या काय, इतकी वर्षं एकाच हातात आहेत म्हणा." बस्स, एवढंच. जाऊ स्वयंपाकघरात होती. तिने ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ल्यांचा जुडगा देवघरापुढे पाटावर ठेवलेला होता आणि ती कमरेला नुसताच पदर खोचून चहा गाळत होती.

जाऊ या घरात आली २००१ साली. सासूबाईंच्या हातांची बोटं सांधेदुखीने सुजायला लागली, तेव्हा म्हणजे २००६ च्या सुमाराला त्यांनी पाटल्या काढून कपाटात ठेवल्या आणि किल्ल्या जावेकडे दिल्या. खोटं कशाला सांगू, त्या रात्री माझ्याही मनात येऊन गेलं की तिच्या माहेरी मागे घर बांधलं, तेव्हा पैसे कुठून आले असतील? विचार आला आणि माझीच मला लाज वाटली. पण आला होता हे खरं.

सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "आमच्याकडच्या सोनारानेच फसवलं असेल. तेव्हा कोण तपासून घेत होतं?" वन्संना ते पटलं नाही. "हॉलमार्क तरी आहे का बघा," असं त्या दोनदा म्हणाल्या. आता हॉलमार्क कुठून असणार? आपल्याकडे सोन्यावर हॉलमार्कची योजना आली २००० साली, आणि ती सक्तीची व्हायला २०२१ उजाडलं. आपल्या आया-आज्यांच्या दागिन्यांवर तो शिक्का नाही म्हणून ते खोटे, असं म्हणायचं तर अर्ध्या महाराष्ट्राचं सोनं खोटं ठरेल!

मी एका शाळेत अर्धा दिवस इतिहास शिकवते. नाणं कधीचं, भांडं कधीचं, हे कसं ओळखायचं, ते मुलींना शिकवता शिकवता माझं आयुष्य चाललंय. तेव्हा वाटलं, पाटल्या पितळेच्या आहेत हे तर कळलं. पण त्या कधीपासून पितळेच्या आहेत? सोनाराने फसवलं असेल तर त्या १९७१ पासून, म्हणजे सासूबाईंच्या लग्नापासून पितळेच्याच असणार. वन्संच्या मनातलं खरं असेल तर २००६ नंतर बदललेल्या. वस्तूला वय असतंच. खऱ्याला असतं तसंच खोट्यालाही.

मग आठ दिवस दुपारी शाळेतून आले की मी भिंग आणि मोबाईलचा दिवा घेऊन बसायची. पाटल्यांना हात घालण्याआधी हात बसावा म्हणून घरातला खोट्या दागिन्यांचा पत्र्याचा डबाच उपडा केला. प्रत्येक घरात असा एक डबा असतो. मुलांच्या गॅदरिंगला उपयोगी पडतो आणि एरवी माळ्यावर असतो.

त्यात आजेसासूबाईंचं एक ब्रूच निघालं. पूर्वी खांद्यावर पदराला ब्रूच लावायची पद्धत होती. लाल खड्यांचं फूल, मागे टाचणी. भिंगाखाली टाचणीजवळ बारीक इंग्रजी अक्षरं दिसली : चेकोस्लोव्हाकिया. हा देश जन्माला आला १९१८ साली आणि १९९२ च्या अखेरीस त्याचे दोन देश झाले. म्हणजे ब्रूच १९१८ च्या आधीचं असूच शकत नाही. आजेसासूबाई वारल्या १९६९ मध्ये, तेव्हा दोन्हीकडून कुंपण पडलं. त्या देशात याब्लोनेत्स नावाचं गाव आहे, काचेचे खडे, मणी आणि खोटे दागिने यांसाठी जगभर नाव असलेलं. तिथून आपल्याकडे बांगड्या आणि मणीही येत. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथले जर्मन भाषा बोलणारे कारागीर हाकलले गेले आणि त्यांच्यापैकी पुष्कळांनी जर्मनीत जाऊन आपल्या गावाच्या नावाने नवी वसाहत केली. तीही याच धंद्यावर. खड्याच्या पाठीला आरशासारखा चकचकीत लेप असतो, त्यामुळे काच हिऱ्यासारखी चमकते. पाणी लागलं की हा लेप काळा पडतो. आमच्या ब्रूचमधले तीन खडे असेच आंधळे झालेत. कुणीतरी मायेने ते धुतलं असणार! तेव्हा मैत्रिणींनो, जुने खड्यांचे दागिने साबणाच्या पाण्यात कधी बुडवू नका. कोरड्या मऊ ब्रशने पुसा.

दोन पिवळसर बांगड्या होत्या. घरात त्यांना हस्तिदंती म्हणत. बोटाने जोरजोराने चोळून गरम केल्या आणि वास घेतला तर चक्क देवघरातला वास! कापूर. म्हणजे हस्तिदंत नव्हे, सेल्युलॉइड. ते करताना कापूर घालावा लागतो आणि इतक्या वर्षांनीही त्याचा वास दडून राहतो. सेल्युलॉइड अमेरिकेत १८७० च्या सुमाराला निघालं. त्याच्यानंतरचं बेकलाइट, १९०७ चं, लिओ बेकलंड नावाच्या रसायनशास्त्रज्ञाचं. ते असंच चोळलं तर दवाखान्यासारखा, फिनेलसारखा वास येतो. काही जण तापवलेली सुई टोचून बघायला सांगतात. तो उद्योग मुळीच करू नका. सेल्युलॉइड भुर्रकन पेट घेतं.

मोत्याच्या कुड्या होत्या. मोती पुढच्या दातांच्या कडेवर हळूच घासला तर खरा किंचित रवाळ लागतो आणि काचेचा गुळगुळीत. त्याहून चांगली खूण म्हणजे भोक. खोट्या मोत्यावरचा लेप भोकाच्या कडेला पापुद्र्यासारखा उचकटलेला दिसतो. खरा मोतीही शिंपल्यात आपोआप झालेला की माणसाने कवच उघडून, आत बीज घालून वाढवून घेतलेला, हे मात्र घरी कळत नाही. त्याला क्ष-किरणच लागतात. आमच्या कुड्या काचेच्या निघाल्या, पण त्यांची फिरकी मजेदार आहे. डाव्या कुडीची फिरकी उजवीला बसतच नाही. यंत्रावर कापलेली मळसूत्रं सगळी सारखी असतात, एकीची दुसरीला बसते. हाताने कापलेल्याची जोडी ठरलेली. म्हणजे मोती जरी खोटे, तरी त्या कुड्यांमागे कुणातरी कारागिराने डोळे फोडलेत.

आणि ते टॉप्स. 'आजीचे हिरे' म्हणून वन्सं ते लहानपणापासून ऐकत आल्यात. त्यांच्यावर तोंडाची वाफ सोडली. खरा हिरा उष्णता लगेच पसरवतो, त्याच्यावरची वाफ क्षणात उडते. इथे मात्र ती बराच वेळ टिकली. भिंगाखाली पैलूंच्या कडा झिजून गोलसर झालेल्या, हिऱ्याच्या तशा होत नाहीत. आणि उजेडात धरल्यावर इतके रंग, की जणू लग्नाच्या मांडवातली रोषणाई. अमेरिकन डायमंड! गंमत अशी की नाव अमेरिकन, पण मोठ्या प्रमाणावर तो बनवण्याची रीत मॉस्कोच्या शास्त्रज्ञांनी बसवली, १९७३ साली. बाजारात तो १९७६ पासून आला. आणि आजेसासूबाई तर १९६९ मध्ये गेलेल्या.

इथे मी जरा थबकले. १९७६ नंतर या घरात कुणीतरी खऱ्याच्या जागी खोटं ठेवलेलं होतं. की ते हिरे कधी खरे नव्हतेच आणि नावच पुढे चिकटलं? काही असो, पाटल्यांकडे बघायची माझी नजर बदलली.

(त्याच डब्यात अफगाण स्नोच्या बाटलीत अकरा सुटे मणी होते. हलके फुलासारखे, दोनतीन चेपलेले, म्हणून सगळे त्यांना खोटे समजत. भिंगाखाली भोकातून तपकिरी लाख दिसली. बोरमाळेचे मणी असेच असतात : सोन्याच्या पातळ पत्र्याचा पोकळ मणी करून आत लाख भरायची. हलके म्हणून खोटे असं नाही, आणि चेपले तेही सोनं मऊ म्हणूनच. पितळेचा मणी असा सहज चेपत नाही. सराफांनी नंतर पाहिले, तर अकराही सोन्याचे! माझ्या धाकट्याने ते गोट्या म्हणून खेळायला मागितले होते.)

आता पाटल्या. आधी वजन केलं. घरी करता येईल असा एक सोपा प्रयोग सांगते. दशांशापर्यंत वजन दाखवणारा छोटा काटा घ्यायचा, त्यावर पाण्याचं भांडं ठेवून काटा शून्यावर आणायचा. मग पाटली दोऱ्याने टांगून पाण्यात पूर्ण बुडवायची. तळाला वा कडेला टेकू द्यायची नाही. काटा जेवढे ग्रॅम दाखवील तेवढे घनसेंटिमीटर पाटलीने व्यापले. पाटलीच्या कोरड्या वजनाला त्या आकड्याने भागायचं. बावीस कॅरेट सोनं असेल तर उत्तर साडेसतराच्या पुढे येतं. पितळेचं साडेआठच्या आसपास. आमच्या दोन पाटल्यांचं वजन ३७.८ ग्रॅम आणि पाण्यातला आकडा ४.४. भागून पाहा. शिवाय चार जुने तोळे म्हणजे साडेसेहेचाळीस ग्रॅमच्या वर. तेवढंही वजन नव्हतं आणि आजवर ते कुणी करून पाहिलं नव्हतं. मात्र हा प्रयोग भरीव दागिन्यालाच. पोकळ, लाखेचा, मोत्याचा किंवा खड्यांचा दागिना पाण्यात घालायचा नाही.

पितळ आहे हे तर सराफांनी सांगितलंच होतं. मला हवं होतं वय. पाटल्यांवर पाच पाकळ्यांच्या फुलांची वेल आहे. ती एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत मोजली. प्रत्येक फूल अगदी दुसऱ्यासारखं, तिसऱ्या पाकळीला असलेली बारीक खोच सुद्धा प्रत्येक फुलात त्याच जागी. हाताने खोदलेल्या नक्षीत असं होत नाही. सोनार कितीही निष्णात असला तरी एक पाकळी लांब, एक आखूड जातेच. म्हणजे हे ठशाने उठवलेलं, एका ठशावर शेकडो पाटल्या काढणारं काम. लग्नासाठी घरच्या सोनाराकडून घडवून घेतलेली वस्तू ही नव्हे.

आणि मग ती खूण दिसली, जिच्यासाठी आठ दिवस गेले त्याचं चीज झालं. एका बाजूची फुलं घासून सपाट झाली होती. पाकळ्या जवळजवळ पुसलेल्या. पण त्या पुसलेल्या पाकळ्यांवरही मुलामा अखंड होता! विचार करा. मुलामा म्हणजे केसाहूनही पातळ थर, विजेच्या साहाय्याने चढवलेला. ही रीत १८४० पासूनची, इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमची. त्याच्याआधी पाऱ्यात सोनं कालवून लावायचे आणि तापवून पारा उडवायचे. त्या वाफांनी कारागिरांच्या आयुष्याची माती व्हायची. आता इतका पातळ थर आधी झिजणार आणि मग खालचं पितळ झिजणार. इथे पितळ झिजलंय आणि वर सोनं शाबूत. याचा एकच अर्थ. पाटल्या आधी वर्षानुवर्षं वापरल्या गेल्या, नक्षी झिजली आणि नंतर त्यांना पुन्हा मुलामा देऊन आणला. फुलाच्या मधल्या खाचेत टाचणीने हलकेच उकरलं तर एकाखाली एक थर दिसले, कांद्यासारखे. मधे कळकलेल्या भांड्यासारखी हिरवट रेघ. एकदा नव्हे, दोनदा किंवा तीनदा मुलामा दिलेला.

२००६ नंतर पाटल्या कपाटात होत्या. कपाटात ठेवलेल्या वस्तूची नक्षी झिजत नाही. जावेने त्या कधी घातल्या नाहीत, तिच्या हाताला त्या मोठ्या होतात. मग इतक्या झिजवल्या कुणी? त्या हातात घालून रोज कणीक मळली कुणी, धुणं बडवलं कुणी?

मी फोटोंचा अल्बम काढला.

सासूबाईंच्या लग्नाचा फोटो १९७१ चा, काळापांढरा. हारावर हात धरलेला. भिंगाखाली पाटली दिसते : साधी, चापट, कडेला पिळाची तार. फुलं नाहीत. मग १९७९ चा, त्यांच्या भावाच्या लग्नातला. तीच पिळाची कड. मग रंगीत फोटो. पाळणा, पाळण्यात गुंडाळलेलं गाठोडं म्हणजे आमचे 'हे', आणि पाळण्याच्या दोरीवर सासूबाईंचा हात. मागे सासऱ्यांच्या अक्षरात 'बारसे, १९८३'. पाटलीवर पाच पाकळ्यांची फुलं होती.

सोनार सुटला. जाऊही सुटली. १९८३ साली तिला शाळेतही घातलेलं नव्हतं. वन्सं स्वतः त्या फोटोत आठ वर्षांच्या आहेत, दात पडलेल्या, पाळण्याजवळ उभ्या.

सासूबाई पडवीत मेथी निवडत होत्या. मी तिन्ही फोटो त्यांच्यापुढे ठेवले, भिंगही ठेवलं. त्यांनी भिंग घेतलं नाही. म्हणाल्या, "मास्तरणीपुढे काय लपायचं." आणि परत मेथी निवडायला लागल्या. बराच वेळ. मी उठले नाही.

सासरे मुंबईत लालबागला एका गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. दत्ता सामंतांचा संप, अडीच लाख कामगारांचा. पहिले तीन महिने सगळ्यांना वाटलं, आज मिटेल, उद्या मिटेल. वाण्याने उधारी बंद केली तेव्हा पावसाळा होता. "चाळीत एकेकीच्या हातातलं कमी व्हायला लागलं, तसं आम्ही एकमेकींच्या हाताकडे बघायचंच सोडलं," सासूबाई म्हणाल्या. पहिली पाटली गेली भाद्रपदात, गणपती उठल्यावर. दुसरी दिवाळीनंतर, पोटात हे असताना. सासऱ्यांना सांगितलं होतं, गहाण ठेवल्या आहेत.

"त्यांना फार लागलं होतं ते. रोज विचारायचे, किती झालं व्याज, कधी सोडवायच्या. संप काही मिटेना. मग मीच भुलेश्वरला गेले. तिथे सगळं मिळायचं. तशा नक्षीच्या नव्हत्या, फुलांच्या मिळाल्या. म्हटलं, पुरुषांना कुठे नक्षी कळते? बारशाला घातल्या आणि सांगितलं, माझ्या भावाने सोडवून दिल्या. त्यांना खरंच नाही कळलं."

पुढे सगळे साताऱ्याकडे आले, सासरे साखर कारखान्यात लागले. पाटल्यांचा रंग गेला की सासूबाई भावाकडे मुंबईला जायचं निमित्त काढायच्या आणि मुलामा देऊन आणायच्या. तीनदा. टॉप्सही त्याच संपात गेलेले, खडे मागाहून केव्हातरी बसवून आणलेले. सासरे २००९ मध्ये गेले. शेवटपर्यंत आल्यागेल्याला सांगायचे, संपात आमच्या घरातला गुंजभर सोनंसुद्धा गेलं नाही.

"ते असताना सांगता येईना," सासूबाई म्हणाल्या, "आणि ते गेल्यावर सांगायचं म्हणजे त्यांनाच खोटं पाडायचं."

मला गलबलून आलं, नाही असं नाही. पण मी विचारलंच. "आई, आणि वहिनींचं काय? आठ दिवस किल्ल्या देवापुढे पडून आहेत. तुम्ही बघत होतात."

त्यांनी उत्तर दिलं नाही. मेथीची जुडी बाजूला सारली, गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, देवघरापुढचा जुडगा घेतला आणि स्वयंपाकघरात जाऊन स्वतःच्या हाताने जावेच्या कमरेला खोचला. काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. जाऊ बराच वेळ गॅसकडे तोंड करून उभी होती. सासूबाईंबद्दल माझ्या मनात माया आहे, पण त्या आठ दिवसांचा राग अजून पुरता गेलेला नाही. नवऱ्याचा मान चाळीस वर्षं जपणाऱ्या बाईला सुनेचा मान आठवडाभर जपता येऊ नये?

वन्संना मी फोन करून सगळं सांगितलं. त्या थोडं रडल्या, वडिलांच्या आठवणीने. मग म्हणाल्या, "पण मी कुणाचं नाव कुठे घेतलं होतं गं?" आता यावर काय बोलणार!

पाटल्यांचं काय करायचं यावर घरात दोन मतं आहेत. ह्यांना त्यांना पुन्हा मुलामा द्यावासा वाटतो. मी म्हणते, मुळीच नको. त्या झिजलेल्या फुलांतच सगळं आहे. जुन्या वस्तूला पॉलिश केलं की तिच्यावरचं वाचायचं ते पुसून जातं. चिंच, लिंबू, पितांबरी, काही लावायचं नाही म्हणून मी बजावून ठेवलंय. सध्या त्या सुती फडक्यात वेगवेगळ्या गुंडाळून ठेवल्यात, एकमेकींवर घासू नयेत म्हणून. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलं तर दमट राहून हिरवं धरतं. बोरमाळेचे मणी पाच-पाच दोन्ही नातींना गेले. उरलेला एक सासूबाईंनी मागून घेतला.

त्यानंतर चारेक दिवसांनी रात्री जाऊ पोळ्या लाटत होती आणि मी भाजत होते. तिने लाटण्यावरची नजर न उचलता विचारलं, "तुला माझा संशय आला होता का गं?"

"आला होता," मी म्हटलं. "एक रात्र."

तिने पोळी माझ्याकडे दिली, दुसरी उंडी घेतली, पीठ लावलं.

"मला तुझा दोन दिवस होता," ती म्हणाली.